जमीनदाऱ्यांची यादी आणि एक राजीनामा

१८७४ साली ब्रिटिश सरकारने ‘शेड्यूल्ड डिस्ट्रिक्ट्स अ‍ॅक्ट’ केला. देशातले काही मुलूख असे आहेत की तिथे नेहमीचे कायदे आपोआप लागू होऊ नयेत, कोणता लागू आणि कोणता नाही हे सरकारने वेगळं जाहीर करावं, असा त्याचा मथितार्थ. कायद्याला जोडलेल्या परिशिष्टात मध्यप्रांताच्या खात्यावर चांदा जिल्ह्यातल्या जमीनदाऱ्यांची नावं आहेत. अहेरी, अंबागढ चौकी, औंधी, धानोरा, दुधमाळा, गेवर्धा, झाडापापडा, खुटगाव, कोराचा, कोटगल, मुरूमगाव, पानाबारस, पळसगड, रांगी, सिरसुंडी, सोनसरी. इथवर नावं साधारण इंग्रजी वर्णक्रमाने येतात. मग क्रम एकदम मागे वळतो आणि चांदाळा, गिलगाव, पावीमुरांडा, पोटेगाव ही चार नावं शेवटी चिकटतात. कुणा कारकुनाने दोन कागद एकाखाली एक उतरवून घेतले असावेत.

१९३६ मध्ये अंशतः वर्जित क्षेत्रांचा आदेश निघाला, तेव्हाही हाच क्रम होता आणि हीच चार नावं शेवटी होती. १९५० मध्ये राष्ट्रपतींनी अनुसूचित क्षेत्रं जाहीर केली, तेव्हाही तेच. साम्राज्य गेलं, प्रजासत्ताक आलं, पण उतरवून घेण्याचा शिरस्ता मोडला नाही. यादीतल्या जमीनदाऱ्या मात्र १९५१ मध्येच मध्यप्रदेशच्या मालगुजारी-जमीनदारी निर्मूलन कायद्याने संपल्या. म्हणजे नव्या संविधानाखाली निघालेल्या आदेशात ज्यांच्या नावाने संरक्षण दिलं, त्या जमीनदाऱ्या वर्ष-सव्वा वर्षात इतिहासजमा झाल्या. महाराष्ट्रापुरता हा आदेश बदलायला २ डिसेंबर १९८५ उजाडावा लागला.

चांद्याच्या या जंगलपट्ट्याचा राज्यकारभार समजून घ्यायचा तर राजेरजवाड्यांच्या लढायांपेक्षा अशा याद्या वाचणं अधिक उपयोगाचं आहे, असं माझं मत झालं आहे. भारतीय संघराज्याने वेगळेपण सामावून घेण्याच्या दोन मोठ्या वाटा काढल्या. एक भाषावार राज्यांची, दुसरी अनुसूचित क्षेत्रांची. या दोन वाटा एकमेकींना जिथे छेदतात त्या जागा देशात थोड्या आहेत. आजचे गडचिरोली आणि चंद्रपूर हे त्यांपैकी. आणि छेदतात तिथे भाषेची वाट नेहमी वरून गेली आहे.

यादी आली कुठून, हे थोडक्यात सांगायला हवं. चांद्याचं गोंड राज्य १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे गेलं. पण जंगलातले जमीनदार आपापल्या जागी राहिले. भोसल्यांना तिथून वसूल फारसा मिळत नसे, आणि वसूल नसलेल्या मुलखात कुठलंही सरकार मन लावून कारभार करत नाही. १८५३ मध्ये तिसरे रघुजी वारले आणि डलहौसीने नागपूर खालसा केलं. चारच वर्षांनी मोलमपल्लीचे जमीनदार बाबुराव शेडमाके उठले. १८५८ च्या एप्रिलमध्ये प्राणहितेकाठी तारखात्याचे दोन गोरे मारले गेले. अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्यामार्फत बाबुरावांना पकडण्यात आलं आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. इंग्रजांनी यातून धडा घेतला तो असा, की हा मुलूख जमीनदारांकरवी चालवावा, पण जमीनदार आपल्या बाजूचा असावा.

सिरोंचा त्या वेळी चांद्यात नव्हताच. तो निजामाचा. १८६० च्या तहाने गोदावरीचा डावा काठ इंग्रजांना मिळाला. त्यामागे कापूस होता. गोदावरीतून बोटी चालवून वर्धा-चांद्याकडचा माल पूर्व किनाऱ्याला न्यायचा, अशी मोठी योजना होती. सर आर्थर कॉटन यांनी तिचा हिरीरीने पुरस्कार केला होता. सिरोंचा हे मुख्यालय करून ‘अप्पर गोदावरी’ जिल्हा उभा राहिला. नदीतल्या खडकांनी मात्र दाद दिली नाही, १८७१ मध्ये काम सोडून दिलं, आणि १८७४ मध्ये हा जिल्हा मोडून सिरोंचा चांद्याची तहसील झाली. तेलुगू बोलणारी एक अख्खी तहसील चांद्याला मिळाली ती अशी, फसलेल्या जलमार्गाचा उरलासुरला माल म्हणून.

पुढे १९०५ मध्ये जमीनदाऱ्या एकत्र करून गडचिरोली तहसील झाली. १९०७ मध्ये चेर्ला, आल्बाका, नुगूर हा सिरोंच्याच्या खालचा भाग मद्रास इलाख्याला गेला, आणि पूर्वेकडचा जमीनदारीचा एक तुकडा नव्या दुर्ग जिल्ह्याला. यादीतून अंबागढ चौकी, औंधी, कोराचा, पानाबारस ही चार नावं कमी झाली. पानाबारस लक्षात ठेवा.

१९३५ चा कायदा लंडनमध्ये घडत असताना हाउस ऑफ कॉमन्समध्ये आदिवासी मुलखांवर बरीच चर्चा झाली. कॅडोगनसारख्या सदस्यांना यादी तोकडी वाटत होती. या लोकांना हिंदुस्थानी मंत्र्यांच्या हाती सोपवू नये, असा त्यांचा सूर होता. त्यात कळवळा किती आणि नव्या मंत्रिमंडळांवरचा अविश्वास किती, हे वेगळं काढणं कठीण आहे. कायद्याच्या ९२ व्या कलमाने व्यवस्था ठरवली: अशा क्षेत्रात गव्हर्नरने सांगितल्याशिवाय विधिमंडळाचा कायदा लागू नाही, आणि तिथल्या शांतता-सुव्यवस्थेसाठी गव्हर्नर स्वतः विनियम करू शकेल. चांद्यात अहेरी आणि गडचिरोली तहसिलीतल्या पंधरा जमीनदाऱ्या ‘अंशतः वर्जित’ ठरल्या.

काँग्रेसला हे मान्य नव्हतं. १९३६ च्या डिसेंबरात खानदेशातल्या फैजपूरला, नेहरूंच्या अध्यक्षतेखाली, काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन झालं. वर्जित क्षेत्रं म्हणजे हिंदुस्थानी जनतेत पाडलेली आणखी एक फूट, असा ठराव तिथे झाला. ठरावात तथ्य होतं. पण त्या क्षेत्रातल्या माणसाला काय हवं, हे फैजपुरात विचारलं गेलं नाही, आणि वेस्टमिन्स्टरमध्येही नाही. ते विचारायचा थोडाफार प्रयत्न पुढे ग्रिगसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने केला. मध्यप्रांत-वऱ्हाडच्या आदिवासींची चौकशी करून त्याने लिहिलेला अहवाल १९४४ मध्ये छापला गेला.

त्याच सुमारास प्राणहितेपलीकडे निजामाच्या आदिलाबाद जिल्ह्यात एक निराळी गोष्ट चालली होती. १९४० मध्ये जोडेघाटला कुमराम भीम पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले. सरकार हादरलं. मानवशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांना पाचारण झालं आणि १९४३ मध्ये मारलवाईला गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षणकेंद्र निघालं. मुलांची पहिली पुस्तकं गोंडीत छापली गेली, देवनागरी लिपीत. या कामात हैदराबाद सरकारचे एक मराठी अधिकारी मनापासून उतरले होते. ते सेतुमाधवराव पगडी. मराठी वाचक त्यांना शिवकालाचे आणि मोगलकालाचे अभ्यासक म्हणून ओळखतो, पण त्यांनी गोंडीचं व्याकरणही लिहिलं आहे. आजच्या राजुरा आणि जिवती तालुक्यांच्या पलीकडे, काही कोसांवर, हे घडत होतं. उर्दूत कारभार करणाऱ्या आणि लोकशाहीचा गंध नसलेल्या एका संस्थानाने गोंडीत शाळा चालवल्या. लोकशाही आली, भाषावार राज्यं झाली, आणि त्या शाळा मागे पडत गेल्या. मला यात विरोधाभास वाटत नाही. भाषावार राज्याला आपली एक भाषा असते आणि ती शाळेतूनच पक्की होते. निजामाला त्या डोंगरात उर्दू पक्की करायची घाई नव्हती, त्याला पुन्हा बंड नको होतं इतकंच.

संविधान सभेत ठक्करबाप्पांच्या उपसमितीने वर्जित क्षेत्रांचा विचार केला. आसामच्या टेकड्यांसाठी दुसरी समिती होती, गोपीनाथ बार्दोलाईंची. दोन समित्यांमधून दोन अनुसूच्या निघाल्या. आसामला सहावी: निवडून आलेल्या स्वायत्त जिल्हा परिषदा, स्वतःचे कायदे, स्वतःची न्यायालयं. मध्य भारताला पाचवी: राज्यपाल, आदिवासी सल्लागार परिषद, आणि राष्ट्रपतींना पाठवायचा अहवाल. टेकडीवरच्या लोकांना सभागृह मिळालं, जंगलातल्या लोकांना पालक. कोणाला काय मिळालं हे बरंचसं १९३६ च्या नकाशावरून ठरलं. पूर्ण वर्जित भाग बव्हंशी ईशान्येकडचे होते, अंशतः वर्जित बव्हंशी मध्य भारतातले.

मग राज्य पुनर्रचना आयोग आला. फजल अली, कुंझरू, पणिक्कर. ३० सप्टेंबर १९५५ च्या अहवालात त्यांनी आठ मराठी जिल्ह्यांचं स्वतंत्र विदर्भ राज्य सुचवलं. बापूजी अणे, ब्रिजलाल बियाणी यांच्या मागणीला आयोगाने मान दिला म्हणायचं. झारखंडची मागणी त्याच आयोगाने फेटाळली. चांदा विदर्भाच्या आठांत होता, मराठी जिल्हा म्हणून. सिरोंच्यात तेलुगू, भामरागडात माडिया, धानोऱ्यात गोंडी, कोरचीकडे छत्तीसगढी, वैनगंगेच्या काठाने झाडीबोली. पण जिल्हा हे एकक धरलं आणि जिल्ह्याची एक भाषा धरली की हिशेब लवकर होतो. विदर्भ झालाच नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला चांदा मध्यप्रदेशातून द्वैभाषिक मुंबईत आला. त्याच दिवशी हैदराबादचे तीन तुकडे झाले आणि आदिलाबादचा राजुरा तालुका नांदेडला जोडला गेला. १९५९ मध्ये तो चांद्यात आला. गोंडांचा एकसंध मुलूख मध्यप्रदेश, मुंबई, आंध्र आणि ओरिसा यांत वाटला गेला. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे सुमारे २९ लाख ८४ हजार होते. आठव्या अनुसूचीत गोंडी अजून नाही.

यादीची करामत आणखी एका ठिकाणी दिसते. अनुसूचित जमातींची यादी त्या वेळी क्षेत्राला बांधलेली होती. चांदा जिल्ह्यात गोंड हा अनुसूचित जमातीचा, पण तो गडचिरोली किंवा सिरोंचा तहसिलीत राहत असेल तरच. चांदा शहरात, गोंड राजांनी बांधलेल्या परकोटाच्या आत राहणारा गोंड कागदोपत्री आदिवासी नव्हता. वरोऱ्याचा, ब्रह्मपुरीचाही नाही. ही क्षेत्रमर्यादा उठली १९७६ च्या कायद्याने. तोवर माणसाची जमात त्याच्या पत्त्यावर ठरत होती.

आता पानाबारस. लाल श्याम शाह हे पानाबारसचे जमीनदार. मोहल्याच्या बाजूचे, म्हणजे १९५६ नंतर मध्यप्रदेशचे. पण १९०७ आधी ती जमीनदारी चांद्याचीच, आणि सोयरीक-गोतावळा काही दुर्ग जिल्ह्याची हद्द बघून ठरत नव्हता. १९६२ च्या निवडणुकीत हा शेजारच्या राज्यातला माणूस अपक्ष म्हणून चांद्यातून उभा राहिला आणि काँग्रेसच्या भरात असलेल्या काळात लोकसभेवर निवडून आला. महाराष्ट्र राज्य होऊन दोन वर्षं झाली होती. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचा इतिहास आपण मुंबई, बेळगाव, डांग असा सांगतो. चांद्याच्या मतदाराने मात्र राज्याची नवीकोरी सीमा ओलांडून आपला प्रतिनिधी निवडला, याची त्या इतिहासात कुठे नोंद नाही.

लाल श्याम शाहांची मागणी गोंडवाना राज्याची होती. भाषा हा राज्याचा पाया असेल तर आमचीही भाषा आहे, आणि मुलूखही सलग आहे, असा तो सरळ युक्तिवाद. १ डिसेंबर १९६३ ला नागालँड राज्य झालं. १९६१ च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या पावणेचार लाखांच्या आत होती. गोंडांची त्याच्या कित्येक पट. पण नागालँडमागे सशस्त्र उठाव होता आणि पलीकडे आंतरराष्ट्रीय सीमा होती. गोंडवानाच्या चारी बाजूंना भारतच होता.

१९६४ च्या सुरुवातीला पूर्व पाकिस्तानात दंगली उसळल्या आणि निर्वासितांचे लोंढे रायपूरजवळच्या माना छावणीत येऊ लागले. १९५८ पासून दंडकारण्य प्रकल्प चालू होताच. आता चांद्याच्या जंगलातही वसाहती होणार होत्या. आदिवासींच्या मुलखात बाहेरच्यांना जमीन देण्याआधी आदिवासींचं काय, हा लाल श्याम शाहांचा सवाल होता. उत्तर मिळेना, तेव्हा त्याच वर्षी त्यांनी खासदारकीचा राजीनामा दिला.

राजीनाम्याने वसाहती थांबल्या नाहीत. चामोर्शी, मुलचेरा भागात बंगाली गावं उभी राहिली. इथे बाजू घेणं सोपं नाही. आलेले लोक बहुतेक नमोशूद्र शेतकरी होते, सगळं गमावून आलेले. आणि यादी त्यांच्याही वाट्याला आली. नमोशूद्र पश्चिम बंगालच्या यादीत अनुसूचित जात आहे, महाराष्ट्राच्या यादीत नाही. दोन-तीन पिढ्या मराठी शाळांत शिकूनही ती मागणी अजून तशीच आहे.

लाल श्याम शाह पुन्हा दिसतात ते १९८४ च्या सुमारास. इचमपल्ली आणि भोपालपट्टनम या धरणांविरुद्ध ‘जंगल बचाओ मानव बचाओ’ मोहीम उभी राहिली, तेव्हा बाबा आमटे आणि ते एकत्र होते. ही धरणं मध्यप्रदेश, महाराष्ट्र आणि आंध्र या राज्यांच्या करारांतून आलेली. गोदावरी पाणीतंट्यात तीन राज्यांना तीन बाजू होत्या. बुडणाऱ्या गावांना बाजू नव्हती. धरणं बारगळली. पण सिरोंच्यासमोर पाण्याचा प्रश्न पुढे मेडीगड्डा बंधाऱ्याच्या रूपाने आलाच. ऑगस्ट २०१६ मध्ये महाराष्ट्र-तेलंगण करार, जून २०१९ मध्ये उद्घाटन, ऑक्टोबर २०२३ मध्ये बंधाऱ्याचे खांब खचले. पाणी तेलंगणाचं, फुगवट्याखाली गेलेली काही शेतं सिरोंच्याची.

२६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १० लाख ७२ हजार, त्यात अनुसूचित जमाती ३९ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे ज्याला आपण आदिवासी जिल्हा म्हणतो तिथे बिगरआदिवासी बहुसंख्य आहेत. ९ जून २०१४ ला राज्यपालांनी पाचव्या अनुसूचीखाली अधिसूचना काढली: अनुसूचित क्षेत्रात तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक अशी पदं स्थानिक आदिवासी उमेदवारांतूनच भरावीत. आदिवासी गावाला आपल्या भाषेतला शिक्षक मिळावा हा हेतू रास्त होता. पण जिल्ह्यात ओबीसींचं आरक्षण आधीच ६ टक्क्यांवर आलेलं. कुणबी, तेली, माळी समाजातल्या मुलांना नोकरीची दारं बंद झाल्यासारखं वाटलं, आणि बिगरआदिवासी बहुसंख्य असलेली गावं यादीतून काढा, असे मोर्चे निघू लागले. एक यादी लांबवा म्हणणारे आणि आखूड करा म्हणणारे एकाच एस. टी.तून जिल्हा कचेरीला येतात.

यात राज्यपाल दोनदा येतात, हेही कमी लोकांच्या ध्यानात असतं. पाचव्या अनुसूचीचे राज्यपाल, आणि कलम ३७१(२) खाली विदर्भाच्या समतोल विकासाची विशेष जबाबदारी असलेले राज्यपाल. १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भाला दिलेल्या आश्वासनांचा माग काढत हे कलम आलं, आणि विकास मंडळं प्रत्यक्षात उभी राहायला १९९४ साल लागलं. गडचिरोलीला एवढे पालक असून अनुशेष का राहिला, असं कुणी विचारलं तर मी त्याला अनुशेष मोजणाऱ्या दांडेकर समितीच्या आकड्यांकडे न पाठवता सरळ सांगेन, की पालक मुंबईत राहतात.

पश्चिमेला जिवती तालुक्यात हद्दीचा घोळ आणखी वेगळ्या तऱ्हेने मुरला आहे. महाराजगुडा, मुकदमगुडा, परमडोली अशी चौदा गावं महाराष्ट्र आणि तेलंगण ही दोन्ही राज्यं आपली मानतात. मराठवाड्यातून येऊन वसलेली मराठी कुटुंबं, बंजारा तांडे, गोंड वस्त्या. तिथे दोन ग्रामपंचायती, दोन शाळा, दोन रेशन कार्डं, दोन्ही मतदार याद्यांत नावं. दोन राज्यांच्या योजनांचा हिशेब तिथला माणूस चोख सांगतो. त्यांना फसवे म्हणणाऱ्यांनी आधी हे पाहावं, की जंगलजमिनीचा पट्टा त्यांच्यापैकी अनेकांना दोन्हीपैकी कुठल्याच राज्याने दिलेला नाही.

गावाने स्वतः पुढाकार घेतल्याचं उदाहरण मात्र यादीतल्याच पट्ट्यात घडलं. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ असं ऐंशीच्या दशकापासून म्हणायला सुरुवात केली. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल ही त्यामागची ठळक नावं. १९९६ चा पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींचा कायदा, आणि २००६ चा वनहक्क कायदा आल्यावर २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबू विकायला वाहतूक परवाना हवा, तो वनखातं देईना. २७ एप्रिल २०११ ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले, तेव्हा परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडलं. कायदा संसदेने केलेला, अडवणूक राज्याच्या खात्याची, सोडवणूक केंद्राच्या मंत्र्याची. संघराज्याच्या तिन्ही पायऱ्या एका बांबूच्या मोळीत.

त्याच तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा काढली. २०२२ मध्ये शिक्षण विभागाने तिला अनधिकृत ठरवून नोटीस दिली. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे मान्यतेशिवाय शाळा चालवली तर एक लाखापर्यंत दंड, आणि चालूच ठेवली तर रोज दहा हजार. ग्रामसभा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेली. संविधानाचं कलम ३५०-अ भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत देण्याची सोय करायला राज्याला सांगतं. आणि पाचव्या अनुसूचीचा पाचवा परिच्छेद राज्यपालांना असा अधिकार देतो, की संसदेचा कुठलाही कायदा अनुसूचित क्षेत्राला लागू नाही, किंवा अमुक फेरफार करून लागू आहे, असं ते एका अधिसूचनेने जाहीर करू शकतात. नोकरभरतीसाठी पाचवी अनुसूची वापरली गेली आहे, वनोपजासाठीही. शाळेच्या मान्यतेच्या कलमासाठी ती वापरायला कायद्याची आडकाठी नाही. मोहगावची मुलं कोणत्या भाषेत वाचायला शिकतील हे ठरवायला मुंबईहून एक कागद पुरेसा आहे.